आई, वार आणि खुंटलेली वाढ : एक प्रस्तावना

प्रसूतिकक्षातल्या नोंदवहीत ‘मुलगी, 2300 ग्रॅम’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा त्या आकड्याआड निदान चार वेगवेगळ्या मुली असू शकतात. एक दिवस भरण्याआधीच जन्मलेली, पण त्या आठवड्याला शोभेल इतकी वाढलेली. दुसरी पूर्ण दिवसांची, पण वारेने साथ न दिल्यामुळे आठव्या महिन्यापासून वाढ मंदावलेली. तिसरी लहान चणीच्या, जेमतेम चाळीस किलोच्या आईच्या मापाने लहान, एरवी धडधाकट. चौथीत गुणसूत्रांच्या दोषामुळे किंवा गर्भातच झालेल्या संसर्गामुळे वाढीची कुवतच कमी. वजनकाट्याला या चौघी सारख्याच. त्यांना वेगळे ओळखायचे तर वजनाकडून चयापचयाकडे यावे लागते. आईच्या रक्तात काय फिरते, त्यातले वारेपर्यंत किती पोहोचते, वार स्वतःसाठी किती वापरते, गर्भाला किती देते आणि मिळालेल्याचे गर्भ काय करतो, हे पाहावे लागते. या पाच प्रश्नांचा अभ्यास म्हणजेच हा विषय.

यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांमध्ये स्त्रीरोग आणि बालरोगाचे विद्यार्थी असतील, आहारशास्त्र शिकणारे असतील, जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करणारे असतील, गावोगावी गरोदर बायकांची वजने घेणाऱ्या परिचारिकाही असतील. सगळ्यांचे स्वागत. विषय अवघड आहे, पण अवघडपणा बहुतेक वेळा मांडणीचा असतो. तो आधी दूर करू.

व्याख्या लवकर उरकतो. 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ ते कमी वजनाचे, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. ती सोयीची आहे, पण बाळ किती आठवड्यांचे आहे हे ती विचारत नाही. 1963 मध्ये डेन्व्हरच्या लुला लुबचेन्को यांनी आठवड्यांनुसार जन्मवजनाचे आलेख प्रसिद्ध केले. त्यानंतर त्या आठवड्याच्या मानाने सर्वांत लहान दहा टक्क्यांत येणाऱ्या बाळाला ‘वयाच्या मानाने लहान’ म्हणण्याची रीत पडली. पण लहान असणे वेगळे आणि वाढ खुंटणे वेगळे. 2016 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकमताने निकष ठरवले. बाळ फारच लहान असेल, म्हणजे सर्वांत लहान तीन टक्क्यांत असेल, तर वाढ खुंटली असे धरावे. तीन ते दहा टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाहातला दोष किंवा वाढीचा वेग घटल्याची खूणही दिसायला हवी. बत्तीसाव्या आठवड्याआधी दिसणारा प्रकार आणि नंतरचा प्रकार त्यांनी निराळे मानले. माझ्या मते या व्याख्येचे मोल तिच्या आकड्यांत नाही. बाळाचे माप पुरेसे नाही, त्याला मिळणारा पुरवठाही पाहिला पाहिजे, हे तिने अधिकृतपणे मान्य केले, हे महत्त्वाचे.

आता आई. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात आईचे शरीर साठवण करते. भूक वाढते, इन्सुलिनला प्रतिसाद चांगला असतो, मांड्यांवर आणि कमरेवर चरबी जमते. दुसऱ्या अर्ध्यात चित्र पालटते. वारेतून येणारी संप्रेरके आणि इतर द्रव्ये आईच्या पेशींचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी करतात, त्यामुळे जेवणानंतर ग्लुकोज तिच्या रक्तात जास्त वेळ राहते आणि गर्भाच्या वाट्याला येते. स्वतःसाठी ती साठवलेली चरबी जाळू लागते. शिकागोचे नॉर्बर्ट फ्रिंकेल यांनी 1960 च्या दशकात या अवस्थेचे अचूक वर्णन केले. शेवटच्या महिन्यांत गरोदर बाई रात्रभर उपाशी राहिली, तर एरवी दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानंतर दिसावेत असे बदल तिच्या रक्तात काही तासांतच दिसू लागतात. ग्लुकोज उतरते, मेदाम्ले आणि केटोन चढतात. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यातही निर्जळी हरतालिका करणाऱ्या बायका असतात. त्यांना केवळ ‘करू नका’ सांगण्यापेक्षा फ्रिंकेल यांनी दाखवलेला हा बदल त्यांच्या भाषेत समजावून सांगणे अधिक उपयोगी, असा माझा अनुभव आहे.

गर्भाची वाढ खुंटलेली असते तेव्हा आईतही फरक आढळतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण नेहमी वाढते तितके वाढलेले नसते. काही अभ्यासांत ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीचा आलेख सपाट दिसला, म्हणजे आईचे शरीर गर्भासाठी पुरेसे ग्लुकोज रक्तात मागे ठेवत नव्हते. पण विचारात पाडणारा निष्कर्ष अमिनो आम्लांचा आहे. मिलानच्या इरेने चेतिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाढ खुंटलेल्या गर्भांच्या आयांच्या रक्तात अमिनो आम्ले कमी नव्हे, तर निरोगी गरोदरपणापेक्षा जास्त आढळली. त्याच वेळी गर्भाच्या रक्तात ती कमी होती. आईकडे आहे आणि बाळापर्यंत पोहोचत नाही, हे यातून स्पष्ट होते. ‘आईला खाऊ घाला म्हणजे बाळ वाढेल’ हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण हा निष्कर्ष ठाऊक असलेला माणूस तो सरसकट देणार नाही.

मग जबाबदारी वारेवर येते, आणि तिच्यापाशी थांबायला हवे. दिवस भरल्यावर वारेचे वजन साधारण अर्धा किलो असते. तिच्यातील सूक्ष्म अंकुरांचे एकूण क्षेत्रफळ दहा-बारा चौरस मीटर भरते, आणि आईकडून गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त येते. हे रक्त आणणाऱ्या गर्भाशयातल्या नागमोडी रोहिण्यांची कथा 1967 मध्ये ब्रोसन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी मांडली. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी या रोहिण्यांच्या भिंतींत शिरतात, तिथले स्नायू नाहीसे होतात आणि अरुंद रोहिणी रुंद, सैल होते. त्यामुळे रक्त भरपूर आणि संथपणे येते. हे रूपांतर अर्धवट राहिले, तर रक्त कमी येते, जोराने आदळते, अंकुरांना इजा होते. गरोदरपणातला रक्तदाब आणि गर्भाची खुंटलेली वाढ हे दोन विकार अनेकदा जोडीने येतात, त्याचे मूळ इथे आहे. या रूपांतराचा मोठा भाग विसाव्या आठवड्याच्या आत उरकतो. बाळाचे पोट लहान आहे हे आपल्याला दिसते बत्तीसाव्या आठवड्यात, म्हणजे तोपर्यंत मूळ घटना केव्हाच घडून गेलेली असते.

वार म्हणजे चाळणी, ही समजूत पाठ्यपुस्तकांतून अजून गेलेली नाही. ती घालवण्याचे मोठे श्रेय डेन्व्हरच्या फ्रेडरिक बटाग्लिया आणि जाकोमो मेस्किया यांना जाते. त्यांनी गाभण मेंढ्यांच्या आणि त्यांच्या गर्भांच्या रक्तवाहिन्यांत नळ्या बसवल्या आणि भूल उतरल्यावर, मेंढी आपल्या पायांवर उभी राहून चरत असताना, दोन्ही बाजूंचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले. त्याआधीचे बहुतेक प्रयोग भूल दिलेल्या, पोट उघडलेल्या जनावरांवर झाले होते, आणि त्या अवस्थेतल्या रक्ताचे आकडे विश्वासार्ह नसत. डेन्व्हरच्या मेंढ्यांनी दाखवले की गर्भाशयात येणाऱ्या प्राणवायूचा जवळपास निम्मा वाटा आणि ग्लुकोजचा त्याहूनही मोठा वाटा वार आणि गर्भाशयच वापरतात. गर्भाला मिळते ते उरलेले. वार लॅक्टेट बनवते, अमिनो आम्लांची एकमेकांत अदलाबदल करते, संप्रेरके तयार करून आईच्या चयापचयात हस्तक्षेप करते. म्हणजे इथे दोन नव्हे, तीन जीवरासायनिक संसार आहेत, आणि तिघांच्या गरजा दर वेळी जुळतातच असे नाही. बटाग्लिया आणि मेस्किया यांचे 1986 चे गर्भशरीरक्रियेची ओळख करून देणारे पुस्तक आजही वाचावे. जुने झाले तरी प्रश्न कसा विचारावा हे त्यातून शिकता येते. एक सावधगिरी मात्र हवी. मेंढीच्या वारेची रचना आपल्याहून बरीच निराळी असते, तिच्या गर्भाच्या रक्तात फ्रुक्टोज भरपूर असते आणि ग्लुकोज माणसाच्या गर्भापेक्षा पुष्कळ कमी. मेंढीवरून माणसाबद्दल बोलताना हा फरक विसरून लिहिलेले लेख आजही सापडतात.

वारेतून पदार्थ जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि कुठली वाट आधी अडते यावर सारे अवलंबून असते. प्राणवायू रक्ताच्या प्रवाहावर अवलंबून. ग्लुकोज वाहक प्रथिनांच्या मदतीने, पण आईकडच्या जास्त पातळीकडून गर्भाकडच्या कमी पातळीकडेच जाते. त्यासाठी वारेला वेगळी ऊर्जा लागत नाही. अमिनो आम्लांचे उलटे आहे. गर्भाच्या रक्तात त्यांची पातळी आईपेक्षा जास्त असते, म्हणजे ती ऊर्जा खर्चून चढावर चढवावी लागतात. 1993 मध्ये मँचेस्टरच्या गटाने दाखवले की लहान बाळांच्या वारेत हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या वाहक व्यवस्थेचे कार्य घटलेले असते. पुढे हेही दिसले की वाढ जितकी जास्त खुंटलेली, तितकी ही घट मोठी. मेदाम्लांची वाट सर्वांत कमी उलगडलेली आहे. पुण्यात भारती विद्यापीठातील डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणातील रक्तदाबाच्या संदर्भात लांब साखळीच्या मेदाम्लांवर केलेले काम या दिशेने जाणाऱ्याला उपयोगी पडेल.

हे सगळे माणसाच्या बाबतीत कळले कसे? 1983 मध्ये पॅरिसच्या फर्नांड डाफोस यांनी सोनोग्राफीत पाहत आईच्या पोटातून बारीक सुई घालून नाळेतून गर्भाचे रक्त काढण्याची पद्धत रुळवली. तोवर गर्भाच्या रक्ताबद्दल जे काही ठाऊक होते ते बहुतांश प्रसूतीच्या वेळच्या नाळेतून, म्हणजे कळांच्या ताणातून आलेल्या रक्तावरून. 1987 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील सूटहिल, निकोलायडिस आणि कॅम्बेल यांनी न जन्मलेल्या, वाढ खुंटलेल्या गर्भांच्या रक्तात प्राणवायू कमी, लॅक्टेट जास्त, ग्लुकोज कमी आणि अपरिपक्व तांबड्या पेशी जास्त असल्याचे दाखवले. म्हणजे गुदमरणे कळा सुरू झाल्यावर घडत नव्हते. ते आठवड्यांपूर्वीच सुरू झालेले होते. प्रसूतीच्या वेळच्या हलगर्जीपणाला जोडल्या जाणाऱ्या कित्येक इजांचे मूळ त्याआधी असू शकते, हे त्यानंतर कोर्टातल्या वकिलांनाही ऐकावे लागले.

1993 मध्ये मिलानच्या जॉर्जो पार्डी यांचा गट आणखी एक पायरी चढला. लहान गर्भांची त्यांनी तीन गटांत विभागणी केली. हृदयाचे ठोके आणि नाळेतला प्रवाह दोन्ही ठीक, प्रवाह बिघडलेला पण ठोके ठीक, आणि दोन्ही बिघडलेले. पहिल्या गटातील गर्भांच्या रक्तात प्राणवायूची कमतरता नव्हती, रक्त आम्लही झालेले नव्हते. तिसऱ्या गटात मात्र हे बिघाड सर्रास होते. आज आपण सोनोग्राफीच्या खोलीत डॉप्लर पाहून ‘आठवडाभर थांबू’ किंवा ‘आज दाखल व्हा’ असे सांगतो, त्या निर्णयामागे मोजक्या बायकांनी पोटात सुई टोचून घेऊन दिलेली ही माहिती आहे. आज असे रक्त निव्वळ अभ्यासासाठी कोणी काढणार नाही, काढूही नये. त्यामुळे ते आकडे जपून वापरावे लागतात.

आता गर्भाकडे येऊ, कारण सर्वांत मनोरंजक भाग त्याचा आहे. तो निमूटपणे उपाशी राहत नाही. पुरवठा कमी पडला की त्याच्या रक्तातले ग्लुकोज उतरते, आणि त्यामुळे आई आणि गर्भ यांच्या पातळ्यांतले अंतर वाढते. मिलानच्याच आन्ना मारिया मार्कोनी यांनी 1996 मध्ये गंभीर रुग्णांत हे वाढलेले अंतर मोजले. लहान झालेल्या वारेतूनही ग्लुकोज येत राहावे, यासाठी हे अंतर उपयोगी पडते. इन्सुलिन गर्भाचे स्वतःचे असते. आईचे इन्सुलिन वार ओलांडून येत नाही. कोपनहेगनच्या पेडरसन यांनी 1950 च्या दशकात मधुमेही आयांच्या गलेलठ्ठ बाळांचे कोडे याच मुद्द्यावर सोडवले होते. आईचे जास्तीचे ग्लुकोज गर्भाच्या स्वादुपिंडाला इन्सुलिन बनवायला लावते, आणि इन्सुलिन गर्भाला वाढवते. वारेच्या अपयशात याच्या बरोबर उलटे घडते. ग्लुकोज कमी, प्राणवायूच्या कमतरतेमुळे ताणाची संप्रेरके जास्त, आणि ती स्वादुपिंडाला दाबतात. इन्सुलिन घटते, इन्सुलिनसारखा वाढीचा घटकही घटतो आणि वाढ मंदावते.

वाढ मंदावणे हाही एक बचाव आहे, हे इथे लक्षात येते. नवी प्रथिने बांधायला बरीच ऊर्जा आणि पर्यायाने प्राणवायू खर्ची पडतो. बांधकाम थांबवले की तोच प्राणवायू जगण्यासाठी उरतो. मेंढ्यांच्या अभ्यासात तर असेही दिसले की निरोगी गर्भाचे यकृत जवळजवळ ग्लुकोज बनवत नाही, पण वाढ खुंटलेल्या गर्भाचे यकृत जन्माआधीच ते बनवू लागते आणि इन्सुलिनने सांगूनही थांबत नाही. रक्ताची वाटणीही बदलते. मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडे रक्त वळते, यकृताला वळसा घालून जाणारा प्रवाह वाढतो, यकृतातला ग्लायकोजेन आटतो. म्हणून सोनोग्राफीत डोक्यापेक्षा पोटाचा घेर आधी मागे पडतो. मूत्रपिंडांना कमी रक्त मिळते, म्हणून गर्भजल कमी होते. ‘पाणी कमी आहे’ एवढेच ऐकून घाबरलेल्या आईला दिवसभर नारळपाणी पाजणाऱ्या घरांना ही साखळी माहीत नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना ती कोणी सांगितलेली नसते.

इथवर जे सांगितले ते बहुतांश डेन्व्हर, लंडन, मिलान आणि मँचेस्टरचे, म्हणजे वारेच्या अपयशाचे शास्त्र. आता पुण्याकडे वळायचे आहे.

1993 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव त्यात होत्या. पार्श्वभूमीला डेव्हिड बार्कर यांचा निष्कर्ष होता. 1911 पासून इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये सुईणींनी जपून ठेवलेल्या जन्मवजनांच्या नोंदींवरून, लहान जन्मलेली माणसे पुढे हृदयविकाराने जास्त मरतात, असे त्यांनी दाखवले होते. पुण्याच्या अभ्यासाची मला वाटणारी सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तो गरोदरपणाआधी सुरू झाला. त्यामुळे दिवस जाण्यापूर्वी बाईचे वजन काय होते हे ठाऊक होते. ते सरासरी चाळीस-बेचाळीस किलो होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो.

बाळे लहान होती, पण सगळीकडून सारखी लहान नव्हती. सर्वांत मोठी तूट पोटाच्या घेरात, मग दंडात, म्हणजे यकृतासारख्या अवयवांत आणि स्नायूंत. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र सर्वांत कमी घटलेली. हडकुळे दिसणारे, तरी चरबी राखून असलेले हे बाळ 2003 पासून जगाच्या वैद्यकीय साहित्यात दाखल झाले. त्याच्या आदल्या वर्षी याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतले रक्त ताडून पाहिले होते. पुण्याच्या बाळांत वजनाच्या मानाने इन्सुलिन जास्त होते, चरबीतून येणारे लेप्टिनही जास्त.

वाचकाने इथे थांबून मागच्या परिच्छेदांकडे पाहावे. वारेच्या अपयशात गर्भाचे इन्सुलिन घटते, चरबी जवळजवळ नसते. पुण्याच्या लहान बाळात इन्सुलिन जास्त आणि चरबी शाबूत. वजनकाट्यावर दोघे सारखे, चयापचयात परस्परविरुद्ध. माझ्या मते या क्षेत्रातला आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. वारेचे अभ्यासक डॉप्लर बिघडलेल्या गरोदरपणांवर लिहितात, पोषणाचे अभ्यासक गावांतल्या आयांवर लिहितात, आणि एकमेकांचे निबंध क्वचितच उद्धृत करतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत मात्र दोन्ही प्रकार एकाच रांगेत उभे असतात, आणि कित्येकदा एकाच बाईत. उंची 147 सेंटिमीटर, गरोदरपणाआधी वजन 38 किलो, आणि सातव्या महिन्यात रक्तदाब चढलेला, असे चित्र ज्याने पाहिले नाही असा महाराष्ट्रातला प्रसूतितज्ज्ञ विरळाच.

पुण्याच्या अभ्यासातूनच या दोन प्रवाहांना जोडणारा एक धागाही निघतो. अरुण किनारे यांनी त्या गावांतल्या बायकांच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी केल्या. वारेचे आकारमान आईच्या गरोदरपणाआधीच्या वजनाशी आणि पुढे बाळाच्या वजनाशी जोडलेले आढळले. म्हणजे पोषण आणि वार हे दोन निराळे विषय नाहीतच. आई किशोरवयात कशी वाढली याची नोंद वारेत उमटते. आहाराबाबतही अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले. एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांच्यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले जाते, याचा बाळाच्या आकाराशी संबंध ठळक होता. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळे लहान होती. आणि दोन-तृतीयांश आयांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होते, तर फोलेटची कमतरता विरळ.

ब-12 कमी पडले की होमोसिस्टीनचे मेथिओनीनमध्ये रूपांतर अडते, आणि डीएनएवर मिथाइल गट बसवून जनुकांचे काम नियंत्रित करणारी यंत्रणा अडखळते. ज्या आयांचे होमोसिस्टीन जास्त, त्यांची बाळे लहान, असे पुण्यात दिसले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिक गाजला. आईत फोलेट जास्त आणि ब-12 कमी, अशा जोडीच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत कमी होता. यावरून फोलिक आम्लाची गोळी बंद करावी असा अर्थ कोणी काढू नये. मज्जासंस्थेचे जन्मदोष ती टाळते, हे सिद्ध आहे. अर्थ एवढाच की शाकाहारी, दूधही बेताचेच घेणाऱ्या समाजात तिच्यासोबत ब-12 चा विचार हवा. त्या अभ्यासातली मुले किशोरवयात आल्यावर त्यांना ब-12 देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहणारी चाचणीही पुण्याने हाती घेतली. एका पिढीच्या जन्मापासून पुढच्या पिढीच्या जन्मापर्यंत पाठपुरावा करणारे असे अभ्यास जगात फार थोडे आहेत.

उपायांबद्दल मी वाचकाला खोटी आशा देणार नाही. या क्षेत्राचा इतिहास सदिच्छांच्या अपयशांनी भरलेला आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील प्रसिद्ध चाचणीत, जिचे निष्कर्ष 1980 मध्ये आले, गरोदर बायकांना प्रथिनांनी भरपूर असलेले पेय दिले. वजने वाढली नाहीत, उलट अकाली प्रसूती आणि नवजात मृत्यू त्या गटात जास्त झाल्याचे दिसले. पुढच्या चाचण्यांनी समतोल उष्मांक-प्रथिनांचा पूरक आहार फायद्याचा आणि अतिप्रथिनांचा आहार धोक्याचा ठरवला. अमिनो आम्ले चढावर चढवणारी व्यवस्थाच दुबळी असेल तर आईच्या रक्तात ती ओतून काय साधणार, हे आज आपल्याला कळते. 2018 मध्ये नेदरलँड्समध्ये वारेकडचा रक्तप्रवाह वाढवण्यासाठी सिल्डेनाफिल देण्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध मिळालेल्या गटातल्या काही नवजात बाळांच्या फुप्फुसांतला रक्तदाब चढला आणि त्यातली 11 बाळे दगावली. रक्तप्रवाह वाढवला की झाले, हा विचार किती अपुरा होता हे त्या बाळांच्या मृत्यूने कळले. धोका जास्त असलेल्या बायकांना सोळाव्या आठवड्याआधी सुरू केलेले कमी मात्रेचे ॲस्पिरिन, रक्तदाबावर लक्ष आणि योग्य वेळी प्रसूती, एवढेच आज वारेच्या अपयशाविरुद्ध हाताशी आहे.

मुंबईतली चाचणी मला जास्त शिकवणारी वाटते. रमेश पोतदार, कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी झोपडपट्टीतल्या सहा हजारांवर बायकांना गरोदर होण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला. काहींच्या खाऊत पालेभाज्या, फळे आणि दूध होते, काहींच्या खाऊत ती फारशी नव्हती. 2014 मध्ये निकाल आला. सर्वांचा एकत्र विचार करता जन्मवजनात ठोस फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने खाऊ घेतला त्यांच्या बाळांत सुमारे 48 ग्रॅमची वाढ दिसली, आणि तीही जास्त करून अंगाने बऱ्या असलेल्या बायकांत. निराश व्हावे असाच हा आकडा. पण त्याच बायकांत गरोदरपणातला मधुमेह खाऊच्या गटात 7.3 टक्के आणि तुलनेच्या गटात 12.4 टक्के निघाला. म्हणजे वजनाने जे दाखवले नाही ते चयापचयाने दाखवले. वजनावरच नजर ठेवली असती तर हा खाऊ निरुपयोगी ठरला असता.

मशेरीबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईत बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा पाठपुरावा करून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. त्या 48 ग्रॅमच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

जन्मानंतरची कहाणी थोडक्यात. यकृतात ग्लायकोजेन नाही, अंगावर चरबी नाही, आणि देहाच्या मानाने मोठा मेंदू ग्लुकोज मागतो आहे. अशा बाळाची साखर पहिल्या तासांत घसरते, अंग थंड पडते. त्याला आईच्या छातीशी लगटून ऊब देणे, पहिल्या तासात अंगावर पाजणे आणि साखर तपासणे यावर त्याचा जीव तरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवून नवजात मृत्यू किती खाली आणता येतात हे 1999 मध्ये दाखवले. आणि मोठेपणी? 1944-45 च्या डच दुष्काळात शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या आयांची बाळे हलकी होती. पण ज्यांच्या आया सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी होत्या, त्यांची जन्मवजने ठीक असूनही मोठेपणी चरबी आणि हृदयविकार त्यांच्यात जास्त आढळले. पुन्हा तेच, वजन काहीच बोलले नाही.

नव्याने येणाऱ्यांना एक विनंती आहे. महागडी उपकरणे येण्याची वाट पाहू नका. आपल्याकडे अनेक प्रसूतिगृहांत वार पाहून टाकून दिली जाते, तिचे वजन लिहिले जात नाही. दिवस जाण्याआधीचे आईचे वजन कोणी विचारत नाही, आणि बाळाच्या पोटाचा घेर कागदावर येत नाही. ही तीन मापे, आईची उंची आणि तिचे शेवटचे डॉप्लर एवढे जरी प्रत्येक लहान बाळापाशी नीट नोंदवले, तरी आपल्या वॉर्डातल्या लहान बाळांपैकी किती वारेच्या अपयशाची आणि किती आईच्या जुन्या कुपोषणाची, हे काही महिन्यांत दिसू लागेल. पुढची पाने वाचायला घेण्याआधी अशी एक वही सुरू करा, आणि ती शेजारी ठेवून वाचा.